जवळ असणें आणि ताब्यांत असणें

मराठींत ‘जवळ’ हा मोठा लबाड शब्द आहे. ‘त्याच्याजवळ पैसा आहे’ असें म्हटलें म्हणजे तो पैसा त्याच्या खिशांतच असला पाहिजे असें नाहीं. तो पेढीवर असेल, जमिनींत असेल, किंवा व्याजानें दुसऱ्याकडे लावलेला असेल. उलट, ‘त्याच्याजवळ एक पिशवी होती’ या वाक्यांत ती पिशवी त्याची स्वतःची होती, कीं बाकावर त्याच्या शेजारीं कोणी ठेवून दिली होती, याचा कांहींच उलगडा होत नाहीं. मालकी आणि सान्निध्य हे दोन निराळे अर्थ एकाच शब्दाच्या पोटांत सुखानें नांदतात, आणि रोजच्या बोलण्यांत त्यामुळें कोणाचें अडत नाहीं. परंतु ज्या कायद्याखालीं एका पिशवीवरून माणसाला दहा-वीस वर्षें तुरुंगांत काढावीं लागतात, त्या कायद्याला या दोन अर्थांची फोड केल्यावांचून गत्यंतर नसतें.

हा कायदा म्हणजे ‘गुंगीकारक औषधिद्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. नांव असें कीं, एका दमांत उच्चारणें कठीण. म्हणून वर्तमानपत्रें इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एन. डी. पी. एस. म्हणतात. तो १९८५ सालीं झाला व त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरपासून अंमलांत आला. त्यापूर्वीं १८५७ व १८७८ चे अफूविषयक कायदे आणि १९३० चा घातक औषधिद्रव्यांचा कायदा यांवर काम चालत असे. त्या जुन्या कायद्यांची, विशेषतः अफूच्या कायद्यांची, दृष्टि पुष्कळ अंशीं महसुलाची होती. माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई आणि सरकार तीवर कर घेई. गांजा-अफूचीं परवान्याचीं दुकानें राजरोस चालत. १९३० च्या कायद्यांतील शिक्षा पहिल्या गुन्ह्यास फार तर तीन वर्षांची, आणि पुन्हा केल्यास चार वर्षांची होती. पुढें १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर पंचवीस वर्षांच्या आंत बंद करण्याचें बंधन आलें. ती मुदत संपत आली असतांना नवा कायदा झाला, आणि त्यानें पारडें एकदम दुसऱ्या टोकास नेलें. हेरॉइन, चरस, अफू यांच्या बाबतींत दहा वर्षांची किमान शिक्षा आली. स्वतःच्या सेवनापुरती अगदीं थोडी चीज बाळगणाऱ्यास सवलत ठेवली होती खरी. पण ती चीज सेवनासाठींच होती हें सिद्ध करण्याचा भार त्याच्याच डोक्यावर होता. तो पेलला नाहीं, कीं चार पुड्या नेणारा हमाल आणि चार गोणी पाठविणारा सावकार एकाच मापानें मोजले जात. हा अन्याय २००१ सालच्या दुरुस्तीनें बराचसा दूर झाला. तिच्याकडे पुढें येऊं.

प्रथम कोणती वस्तु निषिद्ध आहे आणि कोणती नाहीं, हें पाहिलें पाहिजे. कारण याविषयीं सुशिक्षित घरांतूनही विलक्षण अज्ञान आढळतें. एकाच झाडाचें उदाहरण घ्या. गांजाच्या झाडाचा फुलोरा किंवा फळें धरलेला शेंडा म्हणजे कायद्याचा ‘गांजा’. त्याच झाडाची वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. परंतु शेंडा बरोबर नसेल तर नुसतीं पानें व बीं हीं या व्याख्येंतून वगळलेलीं आहेत. भांग पानांची होते, म्हणून ती या केंद्रीय कायद्याच्या कचाट्यांत सांपडत नाहीं. याचा अर्थ ती मोकळी आहे असा मात्र नव्हे. राज्यांना तिच्यावर निर्बंध घालतां येतात, आणि महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें ते घातलेले आहेत.

खसखशीची गोष्ट याहून गमतीची आहे. खसखस हें अफूच्याच झाडाचें बीं. अफूच्या बोंडाचा चुरा, ज्याला व्यापारांत डोडा म्हणतात, तो बाळगणें हा भारी गुन्हा. परंतु त्याच बोंडांतलें बीं कायद्यानें व्याख्येबाहेर ठेवलें आहे, आणि म्हणून आपल्याकडे अनरशावर खसखस पसरतांना कोणाला पोलिसांची आठवण होत नाहीं. मात्र हा हिंदुस्थानचा कायदा झाला. दुबईस असलेल्या मुलासाठीं दिवाळीचा फराळ बांधतांना आई त्यांत खसखशीची पुरचुंडी टाकते, तेव्हां ती आपल्या मुलाला किंवा डबा नेणाऱ्या पाहुण्याला केवढ्या संकटांत लोटते, याची तिला कल्पना नसते. संयुक्त अरब अमिरातींत व सौदी अरबस्तानांत खसखस निषिद्ध आहे. तेथील विमानतळावर अनरशाची महती सांगून सुटका होत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वस्तु निषिद्ध आहे एवढें ठरलें; ती माणसाच्या ‘ताब्यांत’ होती हें कसें ठरावयाचें? कायद्यांत ताब्याची व्याख्या दिलेली नाहीं. ती न्यायालयांनीं निरनिराळ्या खटल्यांतून घडवीत आणली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ताब्याला दोन अंगें असतात. एक, त्या वस्तूवर माणसाची सत्ता चालली पाहिजे. ती आपल्या इच्छेप्रमाणें ठेवण्याची, हलविण्याची, दुसऱ्यास देण्याची शक्ति त्याच्यापाशीं पाहिजे. दोन, ती वस्तु तेथें आहे आणि ती कोणत्या प्रकारची आहे, याची त्याला जाणीव पाहिजे. सत्ता आहे पण जाणीव नाहीं, तर तो नुसता भारवाही. जाणीव आहे पण सत्ता नाहीं, तर तो नुसता साक्षीदार. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे त्याला न्यायालयें ‘जाणीवपूर्वक ताबा’ असें म्हणतात. वस्तु अंगावरच असली पाहिजे असें नाहीं. दुसऱ्या गांवीं असलेल्या कपाटाची किल्ली ज्याच्या खिशांत आहे, त्याचाही ताबा होऊं शकतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे हा भेद चांगला समजतो. पंजाबांतील एका खटल्यांत मालमोटारींत डोड्याचीं पोतीं भरलेलीं होतीं व कांहीं माणसें त्या पोत्यांवर बसलेलीं सांपडलीं. २००२ सालीं न्यायालयानें त्यांना निर्दोष सोडलें. पोत्यांवर बसणें म्हणजे पोतीं ताब्यांत असणें नव्हे. तीं माणसें मजूर असतील, वाटेंत चढलेलीं असतील. आणि त्यांच्या ताब्याविषयींचा नेमका प्रश्न खालच्या न्यायालयानें त्यांना विचारलाच नव्हता. पुढच्याच वर्षीं, २००३ सालीं, हिमाचल प्रदेशांतील खटला आला. त्यांत खासगी मोटारींतून एकमेकांच्या ओळखीचे पांच जण चालले होते आणि मोटारींतील एका पिशवींत चरस निघाला. येथें न्यायालयानें सर्वांना दोषी धरलें. सार्वजनिक वाहनांतील अनोळखी उतारू आणि आपखुषीनें एकत्र निघालेले सोबती यांत फरक आहे, असा त्यांतील मुद्दा आहे. तरुण मंडळींनीं सहलीस निघतांना हा दुसरा निकाल लक्षांत ठेवण्याजोगा आहे. मोटार मित्राची असली आणि पिशवी दुसऱ्या मित्राची असली, तरी तिसऱ्या मित्राला उत्तर देण्याची पाळी येते.

उत्तर देण्याची पाळी, हे शब्द येथें मुद्दाम योजिले आहेत. सामान्य फौजदारी कायद्यांत आरोपी गप्प बसला तरी चालतें. सारें सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. या कायद्यांत तसें पूर्णपणें नाहीं. कलम ५४ सांगतें कीं, निषिद्ध वस्तु ताब्यांत सांपडली आणि तिचा समाधानकारक खुलासा झाला नाहीं, तर गुन्हा घडला असें न्यायालय धरून चालूं शकेल. कलम ३५ त्याहून पुढें जातें. आरोपीचा हेतु दोषी होता असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें. आणि तसा हेतु आपला नव्हता हें आरोपीनें, संशयाला वाजवी जागा राहणार नाहीं इतक्या निश्चितीनें, सिद्ध करावयाचें. एवढा भार एरवीं सरकारवर असतो. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीं कलमें घटनेस धरून आहेत असा निर्णय दिला, पण एक पायरी घालून दिली. सरकारनें आधीं मूळ गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत: झडती खरोखर झाली, वस्तु खरोखर सांपडली, तीच वस्तु प्रयोगशाळेंत गेली, आणि ती आरोपीच्या ताब्यांत होती. ही पायरी चढल्याखेरीज आरोपीवर भार येत नाहीं. तरीही ज्या घरांतला मुलगा पकडला जातो, त्या घराला ‘सिद्ध करूं दे त्यांनीं’ म्हणून स्वस्थ बसतां येत नाहीं, हें खरें.

एखादा प्रसंग कल्पून पाहावा. गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्या रात्रीच्या गाडींत चार विद्यार्थी आहेत. वरच्या फळीवर पांच पिशव्या आहेत. रत्नागिरीच्या पुढें झडती होते व पांचव्या पिशवींत कांहीं निघतें. पिशवी कोणाची, याला चौघेही ‘ठाऊक नाहीं’ म्हणतात. अशा वेळीं निकाल कशावर फिरतो? पिशवींत आणखी काय होतें. कोणाचे कपडे, कोणाचें ओळखपत्र, कोणाच्या नांवाचें तिकीट. ती फळीवर कोणी ठेवतांना पाहिली. कुलूप असेल तर किल्ली कोणाजवळ सांपडली. झडतीच्या वेळीं कोण उठून जाऊं लागला. ‘जरा एवढी पिशवी धर’ असें स्थानकावर कोणी म्हणालें असेल, तर तो कोण, आणि त्याचा दूरध्वनि क्रमांक कोणाच्या यंत्रांत आहे. या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी पहिल्याच दिवशीं वकिलाला सांगितल्या गेल्या पाहिजेत. मित्राला वांचविण्याच्या भाबड्या निष्ठेनें त्या दडविल्या, तर दोन वर्षांनीं न्यायालयांत सांगितलेलें खरेंही मागाहून रचल्यासारखें दिसतें.

यापुढचा प्रश्न वजनाचा. २००१ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक द्रव्याची ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ अशी दोन मापें ठरलेलीं आहेत. गांजाचें अल्प माप १ किलो आणि व्यापारी माप २० किलो. चरसाचें १०० ग्रॅम व १ किलो. अफूचें २५ ग्रॅम व अडीच किलो. हेरॉइनचें ५ ग्रॅम व २५० ग्रॅम. कोकेनचें २ ग्रॅम व १०० ग्रॅम. अल्प मापापर्यंत शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड. व्यापारी माप ओलांडलें कीं किमान दहा वर्षें, कमाल वीस वर्षें, आणि एक ते दोन लाख रुपये दंड. येथें न्यायाधीशाला दहाच्या खालीं येण्याची मुभा नाहीं.

वजन कशाचें करावयाचें, यावर बरींच वर्षें वाद होता. हेरॉइन सहसा निव्वळ मिळत नाहीं. त्यांत दुसरी भुकटी मिसळलेली असते. २००८ च्या एका निकालानें निव्वळ द्रव्याचेंच वजन धरावें असें म्हटलें. २०२० च्या एप्रिलमध्यें तीन न्यायाधीशांच्या पीठानें तें मत रद्द ठरविलें आणि भेसळीसकट सर्व वजन धरावयाचें असा निर्णय दिला. म्हणजे चार ग्रॅम हेरॉइन तीनशें ग्रॅम भुकटींत कालवलें, तर कायद्याच्या तराजूंत तें तीनशें चार ग्रॅमच. विषाचा थेंब दुधांत पडला तर सारें दूध विष, हा त्यांतील विचार समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळें सर्वांत निकृष्ट माल घेणारा गरीब व्यसनी सर्वांत मोठ्या शिक्षेच्या जवळ जातो, ही गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं.

वजनाचा परिणाम शिक्षेआधीं जामिनावर दिसतो. व्यापारी मापाच्या खटल्यांत कलम ३७ आडवें येतें. आरोपी दोषी नसावा असें मानण्यास सबळ कारण आहे, आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाहीं, अशा दोन्ही गोष्टींविषयीं न्यायालयाची खात्री व्हावी लागते. खटला चालण्यापूर्वींच अशी खात्री पटविणें किती अवघड, हें सांगावयास नको. तपासालाही एरवींच्या ६० किंवा ९० दिवसांऐवजीं १८० दिवस मिळतात. वर्षानुवर्षें खटला उभा राहत नाहीं आणि आरोपी कच्च्या कैदेंत खितपत पडतो, अशा प्रसंगीं विलंब हेंही जामिनाचें कारण होऊं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें आहे.

इतका कठोर कायदा करतांना संसदेनें अधिकाऱ्यांच्या हातांतही कांहीं बेड्या घातल्या, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. कलम ५० प्रमाणें अंगझडती घेण्यापूर्वीं त्या माणसाला सांगावें लागतें कीं, ‘तुमची झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असें म्हणण्याचा तुम्हांला हक्क आहे’. १९९९ व २०१० सालीं घटनापीठांनीं हें सांगणें सक्तीचें ठरविलें. स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावयाची. परंतु हा हक्क अंगावरील वस्तूंपुरताच आहे. हातांतील पिशवी म्हणजे अंग नव्हे, असें २००५ सालीं ठरलें. घराची झडती अधिपत्रावांचून घ्यावयाची तर मिळालेली माहिती आधीं लिहून ठेवावी लागते व तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे धाडावी लागते. सूर्यास्तानंतर शिरावयाचें तर अधिपत्र आणण्यास वेळ कां नव्हता, तेंही लिहावें लागतें. सांपडलेल्या मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावयाचे असतात. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनें झडतीचें चलच्चित्र घेणेंही आवश्यक केलें आहे. आणि तपासणी अधिकाऱ्यापुढें लिहून दिलेला कबुलीजबाब पुराव्यांत चालणार नाहीं, असा बहुमताचा निर्णय २०२० च्या ऑक्टोबरमध्यें झाला. पुष्कळ खटले याच नियमांच्या भंगावरून सुटतात, आणि मग ‘तांत्रिक कारणावरून गुन्हेगार सुटला’ अशी ओरड होते. जेथें आरोपीला आपलें निर्दोषत्व सिद्ध करावयाचें आहे, तेथें पुडी कोठून आली व कोणाच्या हातून गेली याचा हिशेब चोख ठेवणें, याला तांत्रिक म्हणणें बरोबर नाहीं.

या नियमांची माहिती अलीकडे आणखी एका कामीं उपयोगी पडत आहे. सभ्य घरांत दूरध्वनि येतो: ‘तुमच्या नांवाचें पार्सल पकडलें आहे, त्यांत मादक द्रव्यें आहेत.’ मग गणवेश घातलेला कोणी पडद्यावर दिसतो, ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशीं बोलूं नका’ म्हणून धमकावतो, आणि सुटकेसाठीं पैसे मागतो. निवृत्त, विद्वान, मोठ्या हुद्द्यांवरून उतरलेलीं माणसें यांत जन्माची पुंजी घालवून बसलीं आहेत. कायद्यांत अशी अटक नाहींच. ज्या वस्तूवर सत्ता नाहीं व जिची जाणीव नाहीं, तिचा ताबा कसला? आणि ज्या गुन्ह्यांत जामीनही न्यायाधीशाला जपून द्यावा लागतो, त्यांतून कोणता खरा अधिकारी दूरध्वनीवर पैसे घेऊन सोडील? असा दूरध्वनि तत्काळ बंद करावा आणि १९३० या क्रमांकावर कळवावें.

घरांतल्या औषधांविषयीं थोडें. झोपेसाठीं दिलें जाणारें अल्प्राझोलाम आणि २०१८ पासून वेदनाशामक ट्रॅमाडोल हीं या कायद्याच्या यादींत आहेत. रुग्णाला स्वतःच्या उपचारासाठीं तीं बाळगण्यास नियमांनीं मोकळीक दिली आहे. एका वेळीं शंभर मात्रांपर्यंत, आणि दीर्घ उपचारासाठीं डॉक्टरनें तसें स्पष्ट लिहून दिलें असेल तर तीनशेंपर्यंत. प्रवासांत चिठ्ठी औषधाबरोबरच ठेवावी. याच कायद्याच्या धास्तीनें अनेक वर्षें इस्पितळें मॉर्फीन ठेवीनाशीं झालीं होतीं आणि कर्करोगाचे रुग्ण तळमळत मरत. २०१४ च्या दुरुस्तीनें अशा अत्यावश्यक द्रव्यांसाठीं देशभर एकच सोपी परवाना-पद्धति आणली.

त्या घरांविषयीं अद्याप बोलावयाचें राहिलें, जेथें पिशवी दुसऱ्याची नाहीं, पुडी घरच्याच मुलाची आहे. तेथें आईबाप दोन चुका करतात. एक तर लपवितात, किंवा पोलिसांत देण्याचा धाक घालून मुलाला घराबाहेर घालवितात. कलम ६४-अ फारसें कोणाला ठाऊक नसतें. सेवनाचा किंवा अल्प मापाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य व्यसनमुक्ति केंद्रांत उपचार घेऊं इच्छील, तर त्याच्यावरील खटल्यांतून त्याला मुक्तता मिळूं शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती मुक्तता काढून घेतां येते. दोषी ठरलेल्यालाही कलम ३९ प्रमाणें न्यायालय तुरुंगाऐवजीं उपचारासाठीं पाठवूं शकतें. मात्र त्यासाठीं त्याची संमति लागते. वकिलानें हें सांगितलें नाहीं तर बापानें विचारावें. फी देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारांतच विधि सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. कोठडींत असलेल्या माणसाला तेथून विनामूल्य वकील मिळतो, आणि त्यासाठीं त्याचें उत्पन्न किती, हें पाहिलें जात नाहीं.